सिनेमा सुटल्यावर सोनवणे सिस्टर

सिनेमा सुटला की सोनवणे सिस्टर लगेच निघत नसत. बीडच्या त्या टॉकीजबाहेर मोटरसायकली लावायची जागा होती. तिच्या कडेला पर्स काखेत दाबून त्या उभ्या राहायच्या आणि बाहेर पडणाऱ्या माणसांची तोंडं बघायच्या. एखादं नवं जोडपं, कॉलेजची पोरं, बाजाराला म्हणून आलेला आणि मध्येच सिनेमात शिरलेला एखादा म्हातारा, जो हाताशी येईल त्याला थांबवायच्या.

“कसा वाटला?”

“भारी हाय की.”

“कावून?”

इथं माणूस अडकायचा. भारी आहे म्हणजे भारी आहे, त्याला कावून काय? कुणी हसून सटकायचं, कुणी ‘गाणी चांगली हायती’ म्हणायचं, कुणाला वाटायचं बाई सरकारी माहिती गोळा करतेय. पण एखादा थांबायचा, मान खाजवायचा आणि असं काही बोलून जायचा, की परतीच्या वाटेवर सिस्टर ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायच्या. एकदा एक फळवाला म्हणाला होता, “त्यातली सासू माज्या मावशीवानी चालती, म्हणून आवडला.” सिस्टर खूश झाल्या. “ह्येला म्हणत्यात आवडणं,” त्या मला म्हणाल्या. “बाकीचे नुस्ते हात झटकून जात्यात.”

स्वतःला सिनेमा कसा वाटला, हे मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही. मी विचारलं की म्हणायच्या, “माजं काय घिऊन बसलीस,” आणि पिशवीतून फुटाण्यांची पुडी काढून माझ्यापुढं धरायच्या.

मी सांगलीकडची. केजच्या सरकारी दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर माझी नेमणूक झाली, तेव्हा ‘कावून’ म्हणजे ‘का’ हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत एक उंच, हाडापेरानं मोठी बाई समोर येऊन उभी राहिली. पांढऱ्या साडीखाली पांढरे कापडी बूट. “पोरी, डबा आणला न्हाईस. कावून?” मला वाटलं, कावून नावाच्या कुणीतरी माझा डबा आणायचा होता. मी म्हणाले, “ते कोण?” सिस्टर भिंतीला टेकून हसल्या. मग आपल्या डब्यातली अर्धी भाकरी मोडून माझ्या हातावर ठेवली. वर शेंगदाण्याची चटणी. त्या दिवसापासून त्यांच्या डब्यात माझी अर्धी भाकरी असायचीच, मी माझा डबा आणला तरीही.

सिस्टरांचं लग्न झालेलं नव्हतं. गावात त्यांच्याबद्दल दोन मतं होती. एक, की बाईचा हात हलका आहे, सुई टोचलेली कळत नाही. दुसरं, की बाई जरा चक्रम आहे, कारण सुट्टीच्या दिवशी एकटी बीडला सिनेमाला जाते. केजची टॉकीज कधीच बंद पडून तिथं मंगल कार्यालय झालं होतं. त्यामुळं सिस्टर बारा वाजताचा खेळ गाठायला सकाळच्या एसटीनं बीडला जायच्या आणि येताना मिळेल त्या जीपनं परतायच्या. कुणी विचारलंच, की बाई माणसानं एकटीनं सिनेमाला जावं का, तर म्हणायच्या, “आत अंधार आसतो. अंधारात समदेच एकटे.”

त्यांच्या घरी टीव्ही नव्हता. तहसीलच्या मागच्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. स्वच्छ, पण कुणी राहत नसावं असं स्वच्छ. मी एकदा म्हटलं, “सिस्टर, टीव्ही घ्या की, संध्याकाळी सोबत होते.” त्या म्हणाल्या, “मागं व्हता एक. लावला की घर रिकामं हाय त्ये लईच कळायचं. दिऊन टाकला.”

सुई टोचताना त्या ‘दुखणार नाही’ असं कधी म्हणायच्या नाहीत. लहान पोरांनाही नाही. “दुखंल. पर थोडंच. मी हात धरते, तू वरड,” म्हणायच्या. आणि गंमत अशी, की पोरं ओरडायची नाहीत.

दिवाळी मागं पडली की दवाखान्यात ऊसतोडीला निघालेल्या बायकांची गर्दी व्हायची. अंगावर काढलेली दुखणी निघण्याआधी एकदाची दाखवून घ्यायची, गोळ्या बांधून घ्यायच्या. एक बाई आली, पंचविशीची असेल नसेल. काय होतंय विचारलं तर म्हणाली, “समदंच दुखतंय.” डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या. सिस्टरनी तिचा केसपेपर हातात धरला आणि तिला जाऊ देईनात. “समदं म्हंजी काय गं? येक बोट ठिव. कुठं दुखतंय तिथं येक बोट.” बाईनं बोट कमरेवर ठेवलं. मग उचललं, पोटावर ठेवलं. मग तेही उचललं आणि बोट तसंच हवेत धरून ती रडायला लागली. तिची लेक शाळेसाठी मागं राहणार होती, आजीपाशी, पहिल्यांदाच. सिस्टरनी आपली खुर्ची तिला दिली आणि दुपारची रांग संपेपर्यंत स्वतः उभ्या राहून काम केलं. बाई खुर्चीत बसून राहिली. जाताना तिनं गोळ्या घेतल्याच नाहीत, विसरली. सिस्टरनी मला खिडकीतून ओरडून सांगितलं, आणि मी त्या गोळ्या घेऊन तिच्यामागं फाटकापर्यंत पळाले.

आमचे तेव्हाचे डॉक्टर हसरे होते. सोमवारी हमखास विचारायचे, “काय सिस्टर, कुठला पाहिलात?” एकदा तेच एक सिनेमा बघून आले. सिस्टरनी विचारलं, कसा वाटला. डॉक्टर म्हणाले, “टाइमपास.”

“टाईम पास झाला? मग गेला कुठं त्यो?”

“म्हणजे, बरा होता हो.”

“कावून बरा?”

डॉक्टर हात जोडून म्हणाले, “सिस्टर, मला राउंडला जाऊ द्या.” त्यानंतर आठवडाभर दवाखान्यात कुणी काही बरं म्हटलं, की मागून कुणीतरी ‘कावून’ म्हणायचं. सिस्टरही हसायच्या. पण हसून झाल्यावर त्यांचा चेहरा लगेच पूर्वीसारखा व्हायचा, दिवा मालवावा तसा. ते मी फार दिवस पाहिलं आणि त्यामागं काही असेल असं माझ्या मनात आलं नाही.

कळलं ते एका दुपारी. दवाखान्याच्या आवारात एक गाडी येऊन थांबली. त्यातून कॅमेरा घेतलेला एकजण आणि माइक घेतलेला एकजण उतरला. सोनवणे सिस्टर कुठं भेटतील, म्हणाले. दूरच्या एका शहरात काही वर्षांपूर्वी भर बाजारात स्फोट झाला होता, त्याच्या खटल्याचा निकाल त्या दिवशी लागला होता. मेलेल्यांत सिस्टरांचा धाकटा भाऊ होता, भास्कर. दवाखान्यातल्या जुन्या माणसांना ठाऊक होतं, मला नव्हतं. आईबाप लवकर गेलेले. सिस्टरनी नर्सिंगच्या पहिल्या पगारापासून त्याला शिकवलं, त्याच्यापायी लग्न मागं टाकत टाकत राहून गेलं. त्याला त्या शहरात नोकरी लागली, आणि वर्ष भरायच्या आत तो गेला. तिकडं जाऊन त्याला आणलं ते चुलत्यांनी. सिस्टरना कुणी जाऊ दिलं नव्हतं.

माइकवाल्यानं ड्रेसिंगच्या खोलीच्या दारातच त्यांना गाठलं. “आरोपींना शिक्षा झाली. तुम्हाला कसं वाटतंय?”

सिस्टरांच्या हातात कापसाचा बोळा होता. त्या म्हणाल्या, “काय वाटाय पायजे?”

तो गोंधळला. “म्हणजे, न्याय मिळाला, समाधान झालं, असं काही...”

“मग तसं लिवा,” असं म्हणून सिस्टर आत गेल्या आणि एका म्हाताऱ्याच्या पायाची जखम धुवायला बसल्या.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, ‘बहिणीच्या डोळ्यांत समाधानाचे अश्रू’. सिस्टरनी ते कात्रण माझ्या खिडकीवर आणून ठेवलं. रागावल्या नव्हत्या. खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं त्यांनी विचारलं, “समाधानाचे आसू कसे आसत्यात गं? येगळे दिसत्यात का?”

उत्तराची वाट न बघता त्या ड्रेसिंगच्या खोलीकडं निघून गेल्या. 

पुढं त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमात बोलायला उभ्या राहिल्या आणि “मला भाषण येत न्हाई, कुणाला काय दुखतंय का?” एवढं विचारून खाली बसल्या. निवृत्तीनंतर पांढरी साडी सुटली, पण पांढरे बूट राहिले. सिनेमेही राहिले. आता सुट्टीची वाट बघायची गरज नव्हती, तरी त्या रविवारीच जायच्या. रविवारी गर्दी असते, बाहेर पडणारी माणसं जास्त.

त्या वर्षी एका सिनेमानं जिल्हाभर धुमाकूळ घातला. जुनी गोष्ट होती. सीमेजवळच्या एका गावातल्या जत्रेत बॉम्ब फुटतो, माणसं मरतात. मग सरकारची गुप्त माणसं त्यामागच्या एकेकाला देशोदेशी शोधत हिंडतात आणि मारतात. पोरं ट्रॅक्टर करून बघायला जात होती. दवाखान्यात, चहाच्या गाड्यावर, एसटीत तीच चर्चा. बदला असावा तर असा. अंगावर काटा आला. नुसतं उभं राहून टाळ्या. माझ्या खिडकीवर औषधं घ्यायला आलेला माणूससुद्धा सांगायचा, “मॅडम, बघाच. लई भारी.”

सिस्टर हा बघायला जातील असं मला वाटलं नव्हतं. त्यांनीच फोन केला. “रविवारी येतीस का गं संगं?” इतक्या वर्षांत त्यांनी मला स्वतःहून संगं बोलावलं ते तेव्हाच. एरवी मीच त्यांच्या मागं लागून जायची.

टॉकीज खच्चून भरली होती. सिस्टरनी नेहमीसारखं मनगटावरचं घड्याळ काढून पर्समध्ये ठेवलं. सिनेमातली वेळ बघायची असते, आपली नाही, असं त्या म्हणायच्या. सुरुवातीला बराच वेळ नुसती जत्रा होती. पाळणा फिरत होता, बायका बांगड्या भरत होत्या, एक माणूस बायकोवर रुसून बसला होता आणि ती त्याला भजी खाऊ घालत होती. मागून कुणीतरी ओरडलं, “आरं, पुढं पळवा की!” लोक हसले. एक मध्यमवयाचा माणूस जत्रेतून बाहेर पडला, वेशीपर्यंत गेला, आणि छत्री विसरली म्हणून माघारी फिरला. तो जत्रेत परतला तोच स्फोट झाला. सगळी टॉकीज गप्प. मी अंधारात सिस्टरांकडं पाहिलं. त्या ताठ बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीवर.

नंतर शिट्ट्या सुरू झाल्या. एकेक माणूस सापडायचा, मारला जायचा, टाळ्या पडायच्या. माझ्या पुढच्या रांगेतला एकजण प्रत्येक वेळी उभा राहून शर्टाच्या बाह्या वर करायचा. मध्यंतरात सिस्टर उठल्या नाहीत. फुटाणेही काढले नाहीत.

सिनेमा सुटल्यावर त्या कुणालाही न विचारता सरळ जीपकडं चालायला लागल्या. मला भराभर चालून त्यांना गाठावं लागलं.

जीपमध्ये आमच्यासमोर दोन पोरं बसली. केजजवळच्या एका खेड्यातली, कॉलेजात जाणारी. एकाला दुसरा पप्या म्हणत होता. हा पप्या अखंड बोलत होता. दुसऱ्याचं नाव अंकुश, तो मांडीवर पिशवी धरून बाहेर बघत होता. मांजरसुंब्याला चौकात जीप थांबली. ड्रायव्हर चहाला उतरला. बाजूनं ट्रक जात होते, धाब्यावरून कांदा तळल्याचा वास येत होता. उन्हं कलायला लागली होती.

“शेवटाला त्या मेन माणसाला मारला बे, तिथं सिनेमा वसूल,” पप्या म्हणाला. “पर पयला अर्धा तास कापाय पायजे व्हता. नुस्ती जत्रा. पाळणा काय, बांगड्या काय. आन् त्ये छत्रीवालं! चांगलं भाईर आलतं की. छत्रीपायी माघारी जातंय का कुणी? येडंच व्हतं.”

सिस्टरनी मान वळवली. “कावून येडं?”

पप्या हसला. “आवो मावशी, छत्री ऱ्हायली तर ऱ्हायली. जीव गेला ना.”

“जीव जाणार हाय, त्ये त्याला ठाऊक व्हतं का?”

“न्हाई, पर...”

“मग येडं कावून म्हणतूस?”

आवाज चढला होता. मी सिस्टरांचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. मागं बसलेल्या बायका वाकून बघू लागल्या. पप्या गोरामोरा होऊन अंकुशकडं बघायला लागला. सिस्टरनी एक श्वास घेतला आणि अंकुशला विचारलं, नेहमीच्या आवाजात, “तुला कसा वाटला रे?”

“आवडला.”

“कावून?”

तो हसला नाही, सटकलाही नाही. पिशवीच्या बंदाशी चाळा करत बसला. मग म्हणाला, “माज्या बापाला ट्रकनं उडीवलं. कारखान्यावरून माघारी यिताना. ट्रक थांबला न्हाई. कुणाचा व्हता, कुठला व्हता, काय कळलं न्हाई. ह्या सिनेमात त्येनला नाव तर घावतं. भिंतीवर फोटू लावत्यात, ह्यो बघ, ह्यो त्यो माणूस. मला तेवढं आवडलं. पुढं मारलं न्हाई तरी चाललं आसतं.”

पप्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हे त्यालाही नवं नसावं, पण असं बोललेलं त्यानं ऐकलं नसावं.

 “हां,” त्या म्हणाल्या. “खरं सांगितलंस.”

“तुमाला कसा वाटला, मावशी?”

मला वाटलं, आता म्हणतील, माजं काय घिऊन बसलास. पण त्यांनी पदर सावरला आणि बोलायला लागल्या, त्या पोराशी, मी तिथं नसल्यासारख्या.

“आमाला नावं घावली, बाबा. धरले, खटला चालला, शिक्षा झाली. कुणी आणला, कुणी ठिवला, कावून ठिवला, समदं कोर्टात वाचून दाखिवलं. माजा भाऊ गेला त्यात. भास्कर. भर दुपारी रसवंतीपाशी उभा व्हता म्हणं.” त्या थांबल्या. “त्याला रस चालतच न्हवता. आमचं लहानपण उसाच्या फडात गेलं. पाचटाच्या झोपडीत, कोपीत ऱ्हायचो. त्या वासानं त्याला मळमळायचं. कुठं पाव्हणा म्हणून गेला तरी गिलास बाजूला सारायचा. मग त्यो तिथं कावून थांबला? ह्ये कोर्टात कुणी सांगितलं न्हाई. कुणी इचारलंबी न्हाई.”

त्यांनी पर्स मांडीवर ओढून घेतली.

“आज मी आत बसले त्या बॉम्बवाल्यांचा राग यावा म्हणून. वाट बघितली. आला न्हाई. राग आला त्यो छत्रीवाल्याचा. भाईर आलतास ना मेल्या, कावून माघारी गेलास. तू येडं म्हणालास ना,” त्या पप्याकडं वळल्या, “मीबी मनात त्येच म्हणत व्हते. म्हणून तुज्यावर वरडले.”

पप्या खाली बघत म्हणाला, “चुकलं मावशी.”

“न्हाई रे. तुजं काय चुकलं.”

ड्रायव्हर चहा संपवून रस्ता ओलांडत होता. तेवढ्यात अंकुश बोलला. बिचकत बोलला, आपण मोठ्या माणसाला काही सांगतोय याचा त्याला संकोच वाटत असावा. “मावशी, कुणाच्यातरी संगं गेला आसंल की त्यो. आपल्याला चालत न्हाई, तरी संगतच्याला पायजे म्हणून थांबतोच की आपण.”

सिस्टर त्याच्याकडं बघत राहिल्या.  त्यांच्या मनात इतकी वर्षं भास्कर त्या रसवंतीपाशी एकटाच उभा होता, हे मला त्या क्षणी त्यांच्या तोंडावर दिसलं. त्याच्या शेजारी कुणी असेल, हे त्यांनी कधी धरलंच नव्हतं. एकट्या माणसाला दुसराही एकटाच दिसत असेल.

जीप सुरू झाली. केज येईपर्यंत त्या समोरचा दांडा धरून बसल्या होत्या. पोरं आधीच्या फाट्यावर उतरली. उतरताना अंकुश वाकून त्यांच्या पाया पडला, आणि त्याचं बघून पप्याही. केजला स्टँडवर उतरलो. चालता चालता सिस्टर थांबल्या.

“पोरी, संगं कुणी आसंल,” त्या म्हणाल्या, “तर त्याच्या घरच्यांनी काय केलं आसंल गं?”

महिनाभरानं सिस्टर भास्कर गेला होता त्या शहराला जाऊन आल्या. पहिल्यांदाच, आणि एकट्या. मी येते म्हटलं, तर नको म्हणाल्या. तेवढ्यात माझी पाटोद्याला बदली झाली आणि घाईत निघावं लागलं. त्यांची भेट झाली नाही. फोनवर विचारलं तर म्हणाल्या, “फोनवर न्हाई. भेटशील तवा सांगंन.” फोनवर बोलणं त्यांना आवडायचं नाही, समोरच्याचं तोंड दिसत नाही म्हणून.

त्यानंतर आम्ही एकदाच भेटलो. पुढच्या पावसाळ्यात त्या गेल्या. झोपेतच गेल्या, आणि मला ते उशिरा, दवाखान्यातल्या एकीकडून कळलं. त्यामुळं ती भेट तेवढी माझ्यापाशी आहे.

मी पाटोद्याहून अंबाजोगाईला एका प्रशिक्षणाला चालले होते. एसटी केजच्या स्टँडवर थोडा वेळ थांबणार, म्हणून सिस्टरना कळवलं होतं. बस आत शिरली तेव्हा त्या फलाटावर उभ्या होत्या. वाळल्या होत्या. अंगावर गडद हिरवी साडी, अशा रंगात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मी उतरायला लागले तर त्यांनी हातानं बसून राहायची खूण केली, जागा जाईल म्हणून. मग खिडकीखाली येऊन उभ्या राहिल्या. खाली त्या, वर मी, मध्ये खिडकीचे गज.

“जाऊन आले बघ,” त्या म्हणाल्या.

“काय कळलं, सिस्टर?”

“काय बी न्हाई. रसवंती कवाच गेली. आता मोबाईलचं दुकान हाय तिथं. तिथली पोरं नवी, त्येनला कायच ठाऊक न्हाई. शेजारी येक म्हातारा फुलं इकतो, त्यो व्हता तवाबी. त्याला फोटू दावला. लई येळ बघितला त्यानं. न्हाई म्हणाला. खोटं बोलला न्हाई, बरं केलं.”

“आणि संगं कुणी...”

“न्हाई कळलं. आसंलबी, नसंलबी.”  मागं कुणीतरी परळीच्या गाडीची चौकशी करत होतं. “पर म्हातारा म्हणाला, तिथं सावली आसती म्हणून लोक थांबायचे. रसाला थोडे, सावलीला जास्त. मोठं झाड हाय गं. चिंचंचं. त्ये त्या वक्ताला जळालं व्हतं येका बाजूनं, पर फुटलं पुन्ना. भर दुपारची येळ व्हती ना. उन्हाचा थांबला आसंल.”

“मग तुम्ही काय केलंत?”

“मीबी थांबले. पिशवी खाली ठिवली आन् बुडाशी टेकून उभी ऱ्हायले. लई बरं वाटलं.” मग मी काही विचारायच्या आत त्यांनीच बोट वर केलं. “कावून म्हणशील, तर सांगता यायचं न्हाई. वारं व्हतं.”

कंडक्टरनं घंटी मारली. सिस्टरनी गजांतून हात घालून माझ्या गालाला बोटं लावली, बस हलली तशी ती काढून घेतली. मी मागं वळून बघत राहिले. त्या वळून न बघता स्टँडच्या शेडकडं चालल्या होत्या. शेडमध्ये तोडीला निघालेलं एक कुटुंब बोचकी घेऊन बसलं होतं. बाईच्या मांडीवर तान्हं मूल किरकिरत होतं. सिस्टर त्यांच्यापाशी थांबल्या, काहीतरी विचारलं, आणि कमरेवर हात ठेवून सावकाश खाली वाकल्या. मग हाताची पालथी बाजू त्या मुलाच्या कपाळावर ठेवली आणि बराच वेळ तशीच धरली. बस फाटकातून वळली, आणि मध्ये एक ट्रॅक्टर आला.